साक्षीदाराची सही

टाचणी मावशीला शाळेतली मुलं पायांवरून ओळखू यायची. शिवणखोली रंगमंचाच्या मागच्या बाजूला, तीन पायऱ्या उतरून होती आणि तिची एकुलती एक खिडकी बाहेरच्या फरशीच्या पातळीला. दिवसभर त्या खिडकीतून नुसते पाय जायचे. कुणाची पँट घोट्याच्या वर चढली, कुणाच्या स्कर्टची दुमड उसवली, कोण नवे बूट घालून उगाच दोनदा फेरी मारतंय, हे मावशीला वर्गशिक्षकांच्या आधी कळायचं. बेचाळीस देशांची मुलं इथे शिकतात, असं शाळेच्या गुळगुळीत माहितीपुस्तकात छापलेलं होतं. असतील. मावशीचं म्हणणं एवढंच होतं की देश कुठलाही असो, गुडघे सगळ्यांचे एकाच जागी फाटतात.

तोंडात टाचण्या धरून काम करायची तिची सवय, म्हणून हे नाव. मुलांनीच ठेवलेलं, आणि एकोणीस वर्षांत ते इतकं मुरलं होतं की पगाराच्या कागदावरचं खरं नाव बघून नवा कारकून विचारायचा, ह्या कोण? ओठांत चार टाचण्या असल्या की मावशीला बोलता यायचं नाही. फक्त "हं" आणि "अंहं". त्यामुळे माप द्यायला उभी राहिलेली मुलं मनात असेल ते बडबडायची. कुणाचे आईबाप वेगळे होणार होते, कुणाला रात्री अंथरुणात रडू यायचं, कुणी परीक्षेत बघून लिहिलं होतं. मावशी हं म्हणायची आणि बाही उसवायची. ऐकलेलं त्या तीन पायऱ्या चढून कधी वर गेलं नाही. शाळेत शपथेवर सांगता येईल अशा फार थोड्या गोष्टी होत्या, त्यातली ही एक.

शाळा मोठी होती आणि स्वतःविषयी तिचं मत त्याहून मोठं होतं. दारात शिरल्या शिरल्या सात लांब कापडी पट्ट्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीवर एकेक गुण: जिज्ञासू, धीट, समतोल, सहृदय वगैरे. इथून बाहेर पडणारं प्रत्येक मूल असं सातही बाजूंनी पूर्ण होऊन, साऱ्या जगाला आपलं म्हणत बाहेर पडणार, अशी हमी होती. त्या पट्ट्या मावशीनेच शिवल्या होत्या. 'सहृदय'च्या वेळी कापड कमी पडलं म्हणून ती पट्टी इतरांपेक्षा दोन बोटं आखूड झाली होती. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पट्ट्यांवरचे गुण मुलांच्या अंगी उतरावेत म्हणून सेवेचे तास होते. शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येकाने आठवड्यातून एक तास दुसऱ्यासाठी राबायचं आणि मग चिंतन वहीत एक पान लिहायचं. काय केलं, काय वाटलं, आपल्यात काय बदललं. पानाच्या तळाशी साक्षीदाराची सही. साक्षीदार म्हणजे ज्याच्या हाताखाली काम केलं ते मोठं माणूस. मग ती वही सेवेच्या बाईंकडे जायची. ह्या बाई शाळेत फक्त सेवेचंच बघायच्या, म्हणून सगळे त्यांना सेवेच्या बाई म्हणत. त्या हिरव्या शाईने शेरा मारायच्या. बहुतेक वेळा एकच: "वरवरचं आहे. अजून खोल जा." मुलं बिचारी खोल जायची. एका मुलाने म्हणे शाळेची बाग झाडून आल्यावर मरणावर चार पानं लिहिली होती.

मावशी अशा सह्या कित्येक वर्षं करत आली होती. वाचायची मात्र नाही. वाचता येत नव्हतं असं नाही, चांगली दहावीपर्यंत शिकलेली होती. पण लहानपणी थोरल्या भावाने तिची वही चोरून सगळ्या घराला वाचून दाखवली होती, आणि ते हसणं ती अजून विसरली नव्हती. दुसऱ्याच्या मनातलं पान त्याने दाखवलं तरी आपण वाचू नये, हा तिचा नेम. मुलं वही पुढे करायची, मावशी मान वळवून खालच्या रेघेवर सही ठोकायची. मुलांना त्यात गंमत वाटे. एकदोघांनी तर पानावर 'मावशीची कात्री बोथट आहे' असं लिहून सही घेऊन दाखवली होती.

मावशीला एक मुलगी होती, पंचवीस वर्षांची, जिला घरात अजून बेबीच म्हणत. बेबी चार वर्षांची असताना बाप गेला, तेव्हापासून घरात दोघीच. बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात बेबी लोकांचे डोळे तपासायला मदत करायची, काचांचे नंबर लिहून घ्यायची. शांत, नीटनेटकी मुलगी. तिचं एक पालुपद होतं. नोकरीत बढती हुकली की म्हणायची, "थोडक्यात राहिलं." लग्नाचं एक ठिकाण जमता जमता फिसकटलं, तेव्हाही हसून तेच म्हणाली. "अगं आई, मी थोडक्यात राहणारीच आहे. लहानपणापासूनची सवय." मावशी अशा वेळी उठून कुठलंतरी काम काढायची.

कारण हे वाक्य बेबीला दिलं होतं मावशीनेच.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा दर वर्षी कर्मचाऱ्यांच्या एका मुलाला फुकट जागा द्यायची. परीक्षा असायची. अकरा वर्षांच्या बेबीने ती दिली आणि मग दोन महिने रोज संध्याकाळी आई घरात शिरायच्या आधीच विचारायची, "आलं का पत्र?" पत्र आलं. शिपायाने शिवणखोलीत आणून दिलं. मुलीची निवड झाली आहे, पालकांची संमती कळवावी. खाली दोन चौकोन होते, एक होकाराचा आणि एक नकाराचा.

मावशी ते पत्र घेऊन मशीनवर बसली आणि खिडकीकडे बघत राहिली. त्याच्या दोन वर्षं आधी ती फुकट जागा बस चालवणाऱ्याच्या मुलाला मिळाली होती. पत्र आलं त्याच दिवशी सकाळी मावशीने खिडकीतून बघितलं होतं. बसवाल्याने आपल्या मुलाचा विसरलेला डबा धावत आणून दिला. मुलाचे मित्र थांबले. एकाने विचारलं, कोण रे हे? मुलगा म्हणाला, "बस चालवतात ते." खोटं काहीच बोलला नव्हता पोरगा. बसवाल्याचे पाय क्षणभर तिथेच राहिले आणि मग मागे फिरले. मावशीला फक्त पाय दिसले, पण पायांना सगळं समजलेलं दिसत होतं.

नवरा गेल्यावर जी एक पोर उरली ती या शाळेत सात वर्षं शिकून आपल्याला "शिवतात त्या" म्हणणार, हे काही मावशीच्याने पेलवेना. तिने नकाराच्या चौकोनात खूण केली, सही केली आणि घरी जाऊन सांगितलं, "नाही झालं गं."

"कितीनं राहिलं?" बेबीने विचारलं.

"थोडक्यात," मावशी म्हणाली. पोरीला बरं वाटावं म्हणून.

त्यानंतर बेबीने शाळेच्या आवारात पाऊल टाकलं नाही. आईचा डबा विसरला तरी फाटकावर ठेवून जायची.

हे मावशीने जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एकदाच, आणि कुणाला, तर प्रश्नपत्रिकेला.

प्रश्नपत्रिका हे मावशीने एका मुलीला ठेवलेलं नाव. ही सतरा वर्षांची पोरगी सेवेच्या तासासाठी दर बुधवारी शिवणखोलीत यायची. जुन्या गणवेशांच्या पिशव्या शिवायच्या, असं काम होतं. पहिल्या दिवसापासून प्रश्न सुरू. टाचणी गिळली तर काय होतं? तुम्ही कधी समुद्र पाहिलाय? तुम्हाला दुसरं काही व्हायचं होतं का? आईबाप मोठ्या हुद्द्यावर, दर तीन वर्षांनी नवा देश. पोरगी वसतिगृहात. चार भाषा फाडफाड बोलायची आणि बटण लावताना दोरा कातडीतून काढायची. पहिल्या सहा पिशव्यांचे बंद तिने उलटे शिवले. मावशीने उसवून दाखवले, पुन्हा शिवायला लावले, आणि कधी आपला जीव हिच्यावर जडला ते तिला कळलं नाही. बुधवारी दुपारी मावशी दोन कप चहा करून ठेवायला लागली. बेबी गमतीने म्हणायची, "तुझी दुसरी लेक आली होती का आज?"

त्या थंडीत एका बुधवारी पोरगी डोळे सुजवून आली. तिची आई सुट्टीला येणार होती, ऐन वेळी नाही आली. काम निघालं. ही तिसरी खेप. पोरगी पिशव्यांच्या ढिगावर बसून म्हणाली, "माझ्या आईला मी नकोच आहे. कुठलीच आई असं करत नाही."

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक करून उशीत खोचल्या.

"आया काय काय करतात, तुला माहीत नाही," ती म्हणाली. "मायेपोटीच करतात, पण करतात." आणि तिने सगळं सांगितलं. पत्र, चौकोन, बसवाल्याचे पाय, थोडक्यात. सांगताना थांबली नाही. चौदा वर्षांचं ओझं होतं, एकदा उतरायला लागल्यावर मध्येच कसं थांबणार?

पोरीचं रडणं थांबलं होतं. तिने मावशीचा हात धरला. "मी कुणाला नाही सांगणार," ती म्हणाली. मावशीने वचन न मागताच म्हणाली. मावशीला त्या रात्री किती वर्षांनी गाढ झोप लागली.

पुढचे दोन बुधवार पोरगी वही विसरली. तिसऱ्या बुधवारी तीन पानं एकदम आणली, मागे दुमडलेली, फक्त खालच्या रेघा वर. "घाईत आहे मावशी, पटकन." मावशीने मान वळवली आणि तीन सह्या केल्या. एका पानाला तर तिने टेबलावरचा दोऱ्याचा धागाही झटकून दिला, डाग पडायला नको म्हणून.

वसंतात शाळेचा खुला दिवस असायचा. पालक, पाहुणे, कर्मचाऱ्यांची घरची माणसं, सगळ्यांना आमंत्रण. त्या वर्षी मैदानाभोवती बेचाळीस झेंडे लागणार होते, सगळे मावशीच्या हातचे, आणि मोठ्या बाईंनी तिचं नाव व्यासपीठावरून घ्यायचं कबूल केलं होतं. मावशीने बेबीच्या मागे टुमणं लावलं. या वर्षी ये. एकदाच ये. बेबी नाही म्हणाली. मग प्रश्नपत्रिकेने स्वतःच्या हाताने एक कार्ड रंगवून पाठवलं: 'ताई, तुम्हाला भेटायची फार इच्छा आहे.' बेबीने ते कार्ड दोनदा वाचलं आणि दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढली.

"अकरापर्यंत येते," ती म्हणाली. "तुझी दुसरी लेक बघू तरी कशी आहे."

त्या सकाळी मावशी लवकर आली. झेंडे बघून झाले, नाटकाचे कपडे बघून झाले, आणि सभागृहाकडे जाणाऱ्या लांब मार्गिकेतून ती चालली होती. तिथे चिंतन प्रदर्शन लावलेलं होतं. दोन वर्षांतली निवडक पानं मोठी करून बोर्डांवर डकवलेली. मावशी सवयीने नजर खाली ठेवून पुढे जात होती. पण मधल्या बोर्डाच्या तळाशी तिला एक ओळखीची गोष्ट दिसली. तिची स्वतःची सही. तळहाताएवढी मोठी केलेली.

आयुष्यात पहिल्यांदा मावशीने दुसऱ्याचं पान वाचलं.

'माझी साक्षीदार आमच्या शाळेत शिवणकाम करते,' असं ते सुरू होत होतं. 'चौदा वर्षांपूर्वी तिच्या मुलीला याच शाळेत मोफत जागा मिळाली होती. तिने ते पत्र लपवलं आणि नकारावर सही केली. मुलीला आजही वाटतं की ती नापास झाली. इथे शिकून मुलीला आपली लाज वाटेल, अशी तिला भीती होती. हे ऐकताना मला कळलं की गरिबी फक्त खिशात नसते, मनातही असते. मी किती भाग्यवान आहे हेही कळलं. या अनुभवामुळे माझ्यातली सहृदयता वाढली.' बाजूला हिरव्या शाईत एकच शब्द: 'उत्कृष्ट.'

मावशी जवळजवळ पळतच सेवेच्या बाईंच्या खोलीत गेली.

बाई वाईट नव्हत्या, कामात होत्या. "पण मावशी, यात तुमचं नाव कुठंय?" त्या म्हणाल्या. "आम्ही नावं कधीच घालत नाही."

"बाई, शाळेत शिवणकाम करणाऱ्या किती जणी आहेत?"

बाईंनी खरोखर क्षणभर आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे बघा, तुमची सही आहे. सही म्हणजे वाचलं, पटलं, असंच आम्ही धरतो. त्यासाठीच तर असते ती. आणि खरं सांगू का, इतकं प्रामाणिक लिखाण मी दहा वर्षांत पाहिलेलं नाही. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"आजच्या दिवस काढा. माझी मुलगी येतेय."

"पाहुणे येऊन जाऊ देत, संध्याकाळी काढते," बाई म्हणाल्या आणि वाजणारा फोन उचलला.

मावशीने बेबीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बसमध्ये असणार, फोन पिशवीच्या तळाशी. घड्याळात पावणेअकरा. मावशी शिवणखोलीत गेली, पडद्याचं उरलेलं निळं कापड घेतलं, मूठभर टाचण्या घेतल्या आणि परत येऊन तो बोर्ड वरपासून खालपर्यंत झाकून टाकला. टाचण्या एका ओळीत बसल्या.

शेवटची टाचणी लावते तोच मागून आवाज आला.

"मावशी, हे काय करताय? तो माझा बोर्ड आहे."

प्रश्नपत्रिका उभी होती. केस नीट विंचरलेले, गणवेश कडक. गेल्याच आठवड्यात मावशीने त्याची बाही आत घेऊन दिली होती.

"तू म्हणाली होतीस, कुणाला सांगणार नाही," मावशी म्हणाली.

"मी कुणाला सांगितलं नाही. लिहिलं फक्त." पोरीचा आवाज बारीक झाला. "आणि तुम्ही सही केलीत. मला वाटलं, चालेल तुम्हाला."

"मी वाचत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?"

पोरगी बाहीचं बटण चाळवायला लागली.

"तीन पानं एकदम आणली होतीस. दुमडून. ते कशाला?"

पोरगी पायांकडे बघायला लागली. मग एकदम भडाभडा बोलली, "बाई दर वेळी लिहायच्या, खोल जा, खोल जा. माझ्याकडे खोल असं काही नव्हतंच मावशी. मी काय लिहिणार होते? बटणं लावली म्हणून?"

"म्हणून माझं घेतलंस," मावशी म्हणाली. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. या पोरीसाठी आपण चहा करून ठेवत होतो. बुधवारची वाट बघत होतो. सगळ्या जगावर माया करायला शिकवणाऱ्या या शाळेत एका माणसाचं गुपित राखायला कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं.

"आई."

बेबी मार्गिकेच्या टोकाकडून येत होती. आईने शिवलेला राखाडी कोट घातलेला, हातात ते रंगवलेलं कार्ड. चौदा वर्षांनी ती या इमारतीत शिरली होती आणि छताकडे, खिडक्यांकडे लहान मुलासारखी बघत होती. जवळ आली, पोरीकडे बघून हसली. "ही का ती?" मग बोर्डाकडे वळली. "हे असं झाकलेलं का आहे? बाकी सगळे उघडे आहेत. काय आहे याच्या खाली?"

"दुरुस्ती," हा शब्द मावशीच्या जिभेवर आला होता. थोडक्यातसारखाच सोपा शब्द. पण पोरगी समोर उभी होती, आणि खोटं बोलायचं तर तिच्या साक्षीने बोलावं लागणार होतं. आणि संध्याकाळपर्यंत अर्धं गाव इथून वाचून जाणार होतं. त्यातला कुणीतरी उद्या चष्म्याला येणारच होता. बेबीला ते एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडून कळण्यापेक्षा…

मावशीने टाचण्या काढायला सुरुवात केली. एक काढली, सवयीने ओठांत धरली. दुसरी, तिसरी. पाच टाचण्यांनंतर कापड आपसूक खाली आलं. मावशीचं तोंड टाचण्यांनी भरलेलं होतं आणि त्याबद्दल ती मनातून देवाचे आभार मानत होती.

बेबीने वाचलं. दुकानातल्या अक्षरांच्या पाटीवरून लोकांना वाचायला लावते तसं, वरून खाली, एकेक ओळ. मग सहीपाशी थांबली. ती सही तिच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर होती.

"म्हणजे थोडक्यात नव्हतं राहिलं," ती म्हणाली.

मावशीने मान हलवली.

"टाचण्या काढ तोंडातल्या."

मावशीने काढल्या.

"हिला कधी सांगितलंस?"

"थंडीत. चार महिने झाले." मावशी एक पाऊल पुढे आली. "बेबी, मला भीती वाटली होती गं. तू लहान होतीस, मी एकटी होते. मला वाटलं…"

"ते वाचलं मी. लिहिलंय इथे." बेबी रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "पत्र लपवलंस ते मी कदाचित समजून घेतलं असतं आई. आज ना उद्या. पण चौदा वर्षं आपण एका खोलीत झोपतो. मी रोज घरी येते. आणि तू हिला सांगितलंस."



बेबी पोरीकडे वळली. हातातलं कार्ड तिने पोरीच्या हातात दिलं. "छान लिहितेस तू," ती म्हणाली आणि आल्या वाटेने निघून गेली. झेंडे तिने पाहिले नाहीत. व्यासपीठावरून मावशीचं नाव घेतलं गेलं तेव्हा खूप टाळ्या पडल्या, आणि मावशी शिवणखोलीत बसून खिडकीतून राखाडी कोटाखालचे पाय परत येतात का ते बघत होती.

पुढच्या बुधवारी पोरगी आली. वसतिगृहातली तिची बॅग भरून झाली होती, वहीचं शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. सही झाल्याशिवाय तास पुरे होत नव्हते. खूप रडली, माफी मागितली. खरीच मागितली असावी. मावशीने वही घेतली, जुना चष्मा नाकावर चढवला आणि पान दिव्याजवळ धरून पहिल्या अक्षरापासून वाचायला लागली. बराच वेळ लागला. पानात लिहिलं होतं की मावशीशी जुळलेलं नातं ती आयुष्यभर जपणार आहे.

मावशीने वही मिटली आणि परत दिली.

"सही, मावशी?"

"वाचलं मी."

"मग?"

"वाचलं म्हणूनच नाही," मावशी म्हणाली आणि टाचण्या तोंडात धरल्या.

सेवेच्या बाईंनी तिच्याऐवजी स्वतः सही केली, असं नंतर कळलं. पोरीचे तास पुरे झाले. कुठल्याशा मोठ्या विद्यापीठात तिला जागाही मिळाली.

घरी बेबी भांडली नाही, आदळआपट केली नाही. कामापुरतं बोलायची. दूध आलं का, किल्ली कुठंय. आठव्या दिवशी तिने दुकानातल्या एका मैत्रिणीसोबत बाजारपेठेत खोली घेतली. "येणं-जाणं सोयीचं पडतं," म्हणाली. घर ते दुकान चालत पंधरा मिनिटं होतं. मावशीने तिच्या पिशवीचा बंद पक्का करून दिला. तेवढंच तिला करता आलं.

महिन्याभराने मावशी चष्म्याच्या दुकानात गेली. निमित्त खरं होतं. आता कुठलंही पान वाचल्याशिवाय ती सही करत नव्हती, आणि बारीक अक्षर जुन्या काचांतून दिसत नव्हतं. खोटं निमित्त काढून यावं लागलं असतं तरीही ती आली असती. बेबी गल्ल्याजवळ कार्डावर कुणाचातरी नंबर लिहीत होती. तिने वर पाहिलं, आईला पाहिलं, आणि "बसा तिकडे, बघतील ते," म्हणून पुन्हा लिहायला लागली. हात थांबला नाही. पण अक्षर बिघडलं, ते मावशीला तिथूनही दिसलं.

दुकानात एक नवी शिकाऊ मुलगी होती. तिने मावशीला उंच स्टुलावर बसवलं, यंत्र पुढे ओढलं आणि बेबीला विचारलं, "ताई, ओळखीच्या आहेत का ह्या?"

बेबीने मान वर न करता सांगितलं, "शाळेत शिवणकाम करतात त्या."

"अच्छा," मुलगी म्हणाली, आणि मावशीकडे वळली. "मावशी, इथे हनुवटी टेकवा, आणि समोर बघा."

मावशीने हनुवटी टेकवली.